काठ्या वाटताय, तर तोलही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीत ज्येष्ठांनी घरात पडू नये म्हणून काय काळजी घ्यावी यावर तुम्ही अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण हा विषय पेपरात सहसा येत नाही, आला तरी कुणी मोठं माणूस बाथरूममध्ये पडलं की मगच येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना परत पायावर उभं करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे लेख अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, पायपुसणी सरकती नको, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, सगळं बरोबर. पण शेवटी जो सल्ला दिलाय ना, की सत्तरीनंतर वावर शक्यतो कमी ठेवावा आणि जमतील तेवढी कामं बसूनच करावीत, तिथे मला राहवलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण नेमका हाच सल्ला पाळून पाळून माझ्यापर्यंत पोचलेले असतात. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त शेवटी काठीबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

पेशंटबरोबर आलेल्या मुलाला किंवा सुनेला विचारलं कशा पडल्या, की उत्तर ठरलेलं, पाय घसरला. मग मी खोदून खोदून विचारते. फरशी ओली होती का? नाही हो, कोरडीच होती. पायात काय होतं? काही नव्हतं. मग काय करत होत्या? तर ओट्याशी उभ्या होत्या, फोन वाजला आणि वळल्या. झालं. एका आजींना मी तेच परत करून दाखवायला सांगितलं, ओट्याच्या जागी माझं टेबल आणि फोनच्या जागी कपाटाचं हँडल. त्यांनी दोन्ही पाय जमिनीला खिळवल्यासारखे ठेवले आणि कमरेच्या वरचं सगळं अंग फिरवलं, आधी मान, मग खांदे, मग हात कपाटाकडे लांबवला, आणि पाऊल उचलायची वेळ आली तेव्हा ज्या पायावर सगळं वजन गेलेलं होतं नेमका तोच पाय उचलायला गेल्या. मी मागे उभी होते म्हणून निभावलं. आता यात घसरण्याचा संबंध कुठे येतो सांगा?

हे फक्त माझं निरीक्षण नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या टीमने वृद्धांच्या दोन निवासी केंद्रांमध्ये सामायिक जागांमध्ये कॅमेरे लावले आणि म्हातारी माणसं खरोखर कशी पडतात ते रेकॉर्ड केलं. १३० माणसांची २२७ पडणी, अक्षरशः एकेक व्हिडिओ बघून कारण ठरवलं, आणि २०१३ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सगळ्यात मोठं कारण निघालं अंगाचं वजन इकडून तिकडे नेताना झालेली चूक, ४१ टक्के. अडखळून पडलेले २१ टक्के. आणि घसरून पडलेले किती, तर फक्त ३ टक्के. आता तिथली जमीन कोरडी, आपल्याकडे न्हाणीघर सतत ओलं, वरून चकाचक टाइल्स, त्यामुळे आपल्याकडे घसरण्याचा आकडा नक्कीच जास्त असणार, ते मी मान्य करते. पण उठताना, वळताना, वाकताना, दार ओढताना जे पडतात ते आपण मोजतच नाही, सगळं खापर बिचाऱ्या फरशीवर फोडून मोकळे होतो. आणि एकदा फरशीला दोष दिला की माणसाकडे बघायचं राहूनच जातं.

वजन नेण्यात चूक म्हणजे काय ते जरा नीट सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, उभं असताना बेंबीच्या थोडं खाली, पोटाच्या आत असतो, जमिनीपासून मोजलं तर उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर. खाली आधार काय, तर दोन तळवे आणि त्यांच्यामधली जागा, बस्स. एवढ्या उंचीवर एवढं वजन आणि खाली एवढीशी जागा, वर घोट्याला सांधा, म्हणजे पाया पक्का रोवलेलासुद्धा नाही. लहान मुलं तळहातावर उभा झाडू तोलून धरतात आणि तो पडायला लागला की हात त्या बाजूला नेतात, अगदी तसंच आपलं शरीर घोट्यावर दिवसभर तोललं जात असतं. त्यात गंमत अशी की गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ घोट्याच्या बरोबर वर नसते, काही सेंटिमीटर पुढे असते, म्हणजे आपण सतत थोडे पुढेच पडत असतो आणि पोटरीचा स्नायू आपल्याला सतत मागे ओढून धरत असतो. नुसतं रांगेत उभं राहिलं तरी पोटऱ्या का दुखतात त्याचं उत्तर हेच. एखादा माणूस पुतळ्यासारखा स्थिर उभा दिसला तरी दाब मोजणाऱ्या पाटावर उभा केला की कळतं, तो हलत असतो, पुढे मागे, डावीउजवीकडे, थोडा थोडा, एक सेकंद थांबत नाही. तोल म्हणजे स्थिर असणं नाहीच मुळी, सारखं चुकणं आणि सारखं सावरणं.

पावलं न हलवता आपण पुढे साधारण ८ अंश झुकू शकतो, मागे मात्र ४ च. कारण सोपं आहे, घोट्याच्या पुढे अख्खं पाऊल आहे आणि मागे फक्त टाच. म्हणून माळ्यावरचा डबा काढताना मान वर करून मागे रेलणं, किंवा लोखंडी कपाटाचं जाम झालेलं दार जोर लावून ओढणं ही कामं ओल्या फरशीवर चालण्याइतकीच धोक्याची आहेत. याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नव्हती.

बरं, गुरुत्वमध्य पायांच्या आत आहे म्हणजे माणूस सुरक्षित असंही नाही. तो कुठे आहे यापेक्षा तो किती वेगाने कुठे चाललाय हे बघावं लागतं. नेदरलँड्सचे संशोधक आट होफ यांनी २००५ मध्ये हे गणितात मांडलं, थोडक्यात असं की वेग असेल तर गुरुत्वमध्य आहे त्याच्यापेक्षा तेवढाच पुढे सरकलाय असं धरून चालायचं, आणि ती पुढची जागा पायांच्या बाहेर गेली की पाऊल टाकल्याशिवाय किंवा काहीतरी पकडल्याशिवाय तुम्ही वाचत नाही. म्हणून तर बेल वाजली म्हणून झटकन उठलेला माणूस पडतो, तोच माणूस सावकाश उठला असता तर पडला नसता, खुर्ची तीच, गुडघे तेच. उलटंही खरं आहे, चालताना तर आपला गुरुत्वमध्य बहुतेक वेळ पावलाच्या बाहेरच असतो. चालीतला जवळपास ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. प्रत्येक पावलाला आपण पुढे पडायला लागतो आणि दुसरा पाय वेळेवर येऊन झेलतो, इतकं सवयीचं झालंय की कळत नाही. आता मला सांगा, ज्या माणसाला तुम्ही "नका उठू, बसा, मी देते" म्हणून महिनोन्महिने बसवून ठेवलं त्याचा हा झेलण्याचा सराव कुठून राहणार? आणि कितीही बसवलं तरी रात्री लघवीला तर तो एकटाच उठणार आहे ना.

तोल गेल्यावर शरीर काय करतं ते बघायचं असेल तर एसटीत बसा आणि कंडक्टरकडे बघा. हातात मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे, धरायला काही नाही. एक पाय पुढे एक मागे, गाडी जाते त्या दिशेने फाकवलेले, गुडघे किंचित सैल, कंबर सीटच्या कडेला टेकवलेली. ड्रायव्हरने ब्रेक मारला की छोट्या धक्क्याला तो फक्त घोट्यातून डुलतो. जरा मोठा धक्का असेल तर कमरेतून वाकून वरचं अंग उलट दिशेला टाकतो. आणि खड्डाच आला तर पाऊल पुढे पडतं. घोटा, कंबर, पाऊल या तीन पायऱ्या अमेरिकेत लुईस नॅशनर, फे होराक वगैरे लोकांनी सरकत्या पाटावर माणसं उभी करून नीट अभ्यासल्या, आमच्या अभ्यासक्रमात त्या आहेतच. म्हातारपणी पहिली पायरी बोथट होते, घोटे ताठ झालेले असतात, त्यामुळे माणूस थेट कमरेवर नाहीतर पावलावर येतो, आणि पाऊल पडतं पण उशिरा पडतं, छोटं पडतं, एकाच्या जागी दोन-तीन टाकावी लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे आडवं पाऊल. बाजूला तोल गेला तर एक पाय दुसऱ्याला ओलांडून न्यावा लागतो किंवा आधी त्याच्यावरचं वजन काढावं लागतं, तिथेच पाय पायात येतात. आणि जो बाजूला पडतो त्याचा सरळ खुबा आपटतो, पुढे किंवा मागे पडणाऱ्यापेक्षा त्याचं खुब्याचं हाड मोडायची शक्यता कित्येक पट जास्त. आपल्याकडे "हाड आधी मोडलं म्हणून पडले" असं सर्रास सांगतात, तसं क्वचित होतं, बहुतेकांचं पडल्यामुळेच मोडतं.

आता हे सगळं सावरायला मेंदूला खबर कुठून मिळते, तर डोळे, कानाच्या आतला तोलाचा भाग, आणि पायाचे तळवे-घोटे. तिन्हीपैकी एक कमी पडलं तर बाकीचे दोन भरून काढतात, म्हणून लवकर कळत नाही. १८४० च्या दशकात बर्लिनच्या मॉरिट्झ रोमबर्ग यांनी लिहून ठेवलंय की मज्जारज्जूच्या एका आजारातली माणसं डोळे उघडे असताना उभी राहतात आणि डोळे मिटले की डोलायला लागतात. म्हणजे पायांकडून खबर येणं बंद झालेलं असतं, फक्त डोळ्यांवर चाललेलं असतं. आज हीच अवस्था मी शुगरच्या पेशंटमध्ये बघते, तळव्यांना बधिरपणा, चालताना पायातली चप्पल निघून गेली तरी पत्ता नाही, दिवसा सगळं ठीक, आणि लाइट गेली किंवा बेसिनवर तोंड धुताना डोळ्यात साबण गेला की तोल गेला. अशा माणसाला घरातले म्हणतात अशक्तपणा आहे, टॉनिक आणा.

कानाचंही तसंच. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून बाजूच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की कुशीवर वळलं तरी घर गरगरा फिरतं. हे बहुतेक वेळा डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून, टेबलावर काही मिनिटांत बरं करता येतं, जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत शोधली त्याला चाळीसेक वर्षं झाली, आणि आपल्याकडे अजून अशा पेशंटना मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे म्हणून पट्टा बांधून फिरवतात! पट्टा बांधला की मान वळत नाही, खाली पायऱ्या दिसत नाहीत, म्हणजे पडायची अजून एक सोय. चष्म्याचंही थोडक्यात सांगते, प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असतो, जिना उतरताना त्याच भागातून पायरी बघितली की ती अंधुक दिसते, चालायला लांबचा चष्मा वेगळा ठेवलेला बरा. आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले.

एक गोष्ट मात्र मला सगळ्या घरांना सांगायची आहे. रात्री बाथरूमला जाताना आजोबा भिंतीला बोटं लावत लावत जातात, आणि सकाळी सून किंवा नात म्हणते, नवीन रंग दिलाय, भिंती काळ्या करू नका. अहो करू द्या. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की उभं असताना नुसतं बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला टेकवलं, १०० ग्रॅमपेक्षाही कमी जोराने, म्हणजे ज्या जोराने अंगाला काडीचाही आधार मिळणार नाही, तरी शरीराचं डोलणं बरंच कमी होतं. बोट आधार देत नाही, बोट मेंदूला सांगतं की अंग कुठे चाललंय. अंधारात डोळे गेलेले, तळवे बधिर, अशा वेळी ते एक बोटच खबर देत असतं. शक्य असेल तर पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी ठोका, दिसायलाही बरी दिसते, आणि नसेल जमत तर धुता येणारा ऑइल पेंट मारा आणि विषय संपवा.

सराव म्हटलं की लोकांना वाटतं चालायला जाणं. चालणं चांगलंच, पण सपाट रस्त्यावर सरळ चालल्याने तोल फारसा सुधारत नाही, त्याला तोलाचाच व्यायाम लागतो. लहानपणी आपण लंगडी खेळलो, एका पायावर अख्खं मैदान, वर पळणाऱ्याला वाकून शिवायचं. मंगळागौरीची फुगडी बघा. दोघी मागे रेलतात, प्रत्येकीचा गुरुत्वमध्य तिच्या स्वतःच्या पावलांच्या बाहेर, एकटी असती तर पाठीवरच पडली असती, पण हात गुंफलेले असल्यामुळे दोघींचा मिळून गुरुत्वमध्य बरोबर मधोमध राहतो आणि बाहेरची ओढ हात पेलतात. थांबल्यावर कानाच्या आतल्या तोलाच्या भागातलं पाणी अजून फिरत असतं म्हणून अंगण फिरतं, आणि तशातही पाय रोवून उभं राहायचं, आमच्या डिपार्टमेंटमध्ये याहून अवघड व्यायाम मी कुणाला देत नाही. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही, सत्तरीच्या बायकांनी फुगड्या घालाव्यात असंही नाही (घालणाऱ्या आहेत, त्यांना नमस्कार). मुद्दा एवढाच की चाळिशीनंतर आपल्या आयुष्यात एका पायावर उभं राहायचा प्रसंगच येत नाही, पँटसुद्धा पलंगावर बसून घालतो, आणि मग सत्तरीत तोल एकदम कुठे गेला म्हणून विचारतो.

यावरून आठवलं, दहा सेकंद एका पायावर उभे राहा नाहीतर लवकर मराल असा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. त्याचं मूळ ब्राझीलचा अभ्यास आहे, २०२२ मध्ये छापलेला, ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना कशाला न धरता दहा सेकंद एका पायावर उभं केलं तर पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पण ज्यांना जमलं नाही त्यांच्यात शुगर, वजन, हार्टचे आजारही जास्त होते. एका पायावर उभं राहून आयुष्य वाढतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तपासणी म्हणून उत्तम, मंत्र म्हणून नाही.

व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात घरी राहणाऱ्या साठीपुढच्या माणसांचे १०८ प्रयोग, २३ हजारांवर लोक, सगळं एकत्र करून बघितलं तर व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम पुढे होते. हे औषध असतं तर कंपन्यांनी पानभर जाहिराती दिल्या असत्या. घरी करायचं असेल तर स्वयंपाकघराचा ओटा सगळ्यात चांगली जागा, पुढे ओटा, मागे भक्कम खुर्ची, घरात दुसरं कुणीतरी असताना. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग एक बोट. वजन सावकाश एका पायावर न्यायचं, दुसरा पाय हलका झालेला जाणवला की मग उचलायचा, घाई नाही. एका पायाच्या टाचेला मागच्या पायाचा अंगठा लावून उभं राहायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसायचं. आणि वळायला शिकायचं, म्हणजे कमरेतून नाही, लहान लहान पावलं टाकत पाय आधी वळवायचे आणि अंग नंतर. सगळ्यात आधी झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, उठल्या उठल्या डोळ्यापुढे अंधारी येणाऱ्याला मी कितीही व्यायाम दिला तरी त्याचा काय उपयोग.

आता थोडं सरकारबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, आज अर्थातच बरीच जास्त. जगात पडून दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच. आणि आपल्याकडे याच्यासाठी काय आहे तर बागेतली ओपन जिम. आमच्या इथल्या जिममध्ये जेवढी उपकरणं आहेत त्या सगळ्यांवर एकतर बसायचंय नाहीतर दोन्ही हातांनी घट्ट धरायचंय, म्हणजे तोल सोडून सगळ्याचा व्यायाम. त्याच पैशात एक कमरेएवढी लोखंडी रेलिंग आणि तिच्या कडेने जमिनीवर मारलेली सरळ पट्टी झाली असती. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट केला २०२२ मध्ये, फार चांगलं केलं, पण गाडी फलाटाला लागत नाही, मधेच थांबते, आणि पहिली पायरी इतकी वर की आजीला एका पायावर उभं राहून दुसरा गुडघ्याएवढा उचलावा लागतो, एका हातात पिशवी, मागून ढकलाढकली. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं कागदावर आहे, आमच्याकडे काही ठिकाणी चढायला हात द्यावा लागतो. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, माझे कितीतरी पेशंट त्याच्या निम्म्याने चालतात, मग निम्म्या रस्त्यात लाल होतो, माणूस घाई करतो, आणि घाईत काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि काठी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र माणसांच्या खात्यात ३००० रुपये येतात, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची वगैरे घ्यायला. पैसे येतात हे चांगलंच, पण काठी घेतली कशी? दुकानात टांगलेली असते ती घेतली. माझ्याकडे येणाऱ्या काठ्यांमध्ये योग्य लांबीची फार कमी असते, कुणाची इतकी उंच की खांदा कानाला लागलाय, कुणाची इतकी बुटकी की माणूस पुढे वाकूनच चालतो, म्हणजे गुरुत्वमध्य आधीच पावलांच्या टोकाशी नेऊन ठेवला. हात सरळ खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी, पायात रोजची चप्पल घालून मोजायचं. खालचं रबराचं बूच गुळगुळीत झालं की बदलायचं, थोडक्या पैशांचं काम आहे, पण ते झिजलेली काठी टाइल्सवर माणसाच्या आधी घसरते.

आणि हात चुकीचा. उजवा पाय दुखतोय तर काठी उजव्या हातात, सिरियलमध्येही तसंच दाखवतात. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. कारण उजव्या पायावर उभं राहिलं की सगळं अंग डावीकडे कलायला बघतं, ते धरून ठेवायला उजव्या खुब्याच्या बाजूच्या स्नायूला खूप जोर लावावा लागतो, सांध्यापासून तो स्नायू जवळ आणि अंगाचं वजन लांब, त्यामुळे चालताना त्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब असते, तिच्यावर थोडं टेकलं तरी त्या स्नायूचं बरंच काम वाचतं. उजव्याच हातात धरली तर हा फायदा जवळजवळ मिळतच नाही, उलट माणूस त्याच बाजूला झुकून चालायला लागतो. हे समजावायला मला पाच मिनिटं लागतात. योजनेचे फॉर्म भरून घ्यायला शिबिरं लागतात, त्यात आधार कार्डाची झेरॉक्स तीनदा मागतात, पण ही पाच मिनिटं कुणी देत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की ज्या शिबिरात फॉर्म भरले जातात तिथेच एका कोपऱ्यात तोल तपासा. हात असलेली खुर्ची, तीन मीटरवर खडूची रेघ आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढंच सामान. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, येऊन परत बसायचं. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर त्या माणसाकडे कुणीतरी नीट बघायला हवं, आणि खरं सांगायचं तर सेकंदांपेक्षा तो वळतो कसा हे बघितलं तरी निम्मं कळतं. काठी असेल तर तिथेच लांबी मोजा आणि हात बदलून द्या. राज्यात फिजिओथेरपीची एवढी कॉलेजं आहेत, शेवटच्या वर्षानंतर इंटर्नशिप असतेच, त्या मुलामुलींना याच्याइतकं शिकायला दुसरीकडे मिळणार नाही. सामाजिक न्याय विभागाला याच्यासाठी वेगळी योजना, वेगळं नाव, वेगळं उद्घाटन काही लागणार नाही.

तुमच्या वार्ताहराने पुढचं शिबिर कुठे आणि कधी आहे तेवढं आधी छापलं तर आमच्या ओळखीतले चार-पाच फिजिओ खडू आणि खुर्ची घेऊन यायला तयार आहेत, पैसे नकोत, फक्त सकाळी दहाच्या आत आटपेल असं बघा, नंतर सगळ्यांची ओपीडी असते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा